टाळूचं तेल आणि तांत्रिक अडचण

बाळ रडत होतं, माझे दोन्ही हात तेलाने माखले होते आणि डोक्यावर एकही इलेक्ट्रोड टिकत नव्हता.

"टाळू कधी भरलीत?" मी विचारलं.

"निगतानाच की," बाळाची आजी म्हणाली. "चांगली वाटी रिकामी केली. यवड्या मोठ्या दवाखान्यात यायचं, मग पोरीचं डोकं कोरडं कसं आनायचं?"

सणाला जाताना नवं झबलं घालावं, तसं तिने ते तेल घातलं होतं. मी ओठ आवळून शाम्पूची बाटली उघडली.

सांगलीतल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी ईईजी टेक्निशियन होतो. आयुष्यभर तेच काम केलं. ईईजी म्हटलं की लोक घाबरतात, त्यांना वाटतं डोक्याला शॉक देतात. आम्ही काहीही देत नाही. मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात तेव्हा अगदी बारीक वीज तयार होते. डोक्यावर छोट्या चकत्या चिकटवून ती वीज आम्ही टिपतो. स्क्रीनवर तिच्या वेड्यावाकड्या रेघा उमटतात. टेक्निशियनने रेकॉर्ड करायचं, डॉक्टरांनी ते वाचायचं. रेकॉर्ड खराब असेल, तर जगातला सगळ्यात हुशार डॉक्टरही त्यातून खरं काढू शकत नाही. हे वाक्य मी प्रत्येक नव्या ट्रेनीला ऐकवायचो.

बाळाचं नाव ओवी. वय पाच महिने. झोपेत तिचे हातपाय झटके मारायचे, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं होतं. गाव माणदेशातलं. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. आता थोडी शेतीही होती. वडील सैन्यात, दूर कुठेतरी बर्फात. आई रेखा, माहेर आष्ट्याचं, बारावी झालेली. आणि आजी बायडाबाई. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण, आवाज माळावरून हाक मारणाऱ्याचा.

मी ओवीचं डोकं दोनदा धुतलं. टॉवेलने टिपलं. टेपने मापून खुणा केल्या. पण केस ओले, बाळ हात मारतंय, चकत्या घसरतायत. इलेक्ट्रोड चिकटवायला एक खारट, घट्ट पेस्ट असते. ती वाटाण्याएवढी लावायची असते. त्या दिवशी मी भडाभडा लावली. बाहेर पेशंटची रांग होती. ओवी आईच्या डाव्या हाताच्या बेचक्यात दूध पीत पडली, डोक्याची डावी बाजू दंडावर दाबून. मी मशीनवर पाहिलं. इलेक्ट्रोड कातडीला नीट चिकटलाय की नाही, हे मशीन तपासतं. चिकटलेला असेल तर हिरवा दिवा लागतो. सगळे हिरवे होते. मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

ओवी धड झोपली नाही, धड जागी राहिली नाही. जेमतेम काम भागेल एवढं रेकॉर्ड मिळालं.

शेवटी चकत्या काढताना तेल आणि पेस्टचा चिखल माझ्या बोटांना लागला. बायडाबाई पुढे झाली.

"आवं सायब, पोरीचं बरं हाय न्हवं?"

मी बेसिनकडे वळत, तिच्याकडे न बघता म्हणालो, "तेलानं सगळी वाट लावली, बाई."

मला रेकॉर्डिंगबद्दल म्हणायचं होतं.

मॅडमनी रेकॉर्ड वाचलं. आमच्या मॅडम म्हणजे लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर. वयाने माझ्या मुलीएवढ्या, कामाला कडक. त्यांनी लिहिलं: डाव्या बाजूची हालचाल कमी दिसते, झोपेसह रेकॉर्डिंग पुन्हा करावं, गरज पडल्यास एमआरआय. रिपोर्ट सावध होता. पण तालुक्यापर्यंत पोचेपर्यंत सावधपणा गळून गेला. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, "डावा मेंदू कमजोर दिसतोय. पुढे शिकायला, लक्षात ठेवायला त्रास होऊ शकतो. मनाची तयारी ठेवा."

काही आठवड्यांनी रेखा ओवीला घेऊन परत आली. या वेळी ती आत एकटीच आली.

मी ओवीच्या डोक्यावरचं टोपडं काढलं आणि थांबलो. टाळू कोरडी ठाक होती. केस भुरभुरीत, टाळूवर खपल्या.

"शाब्बास," मी म्हणालो. "आज तेल नाही. काम सोपं केलंत."

रेखाने माझ्या हातातलं टोपडं घेऊन त्याची घडी घातली.

"आजी नाही आल्या?"

"आल्यात की. भाईर पायरीवर बसल्यात. आत यायचं न्हाई म्हनल्या."

"का?"

"तवापास्नं आत्ती हिला हातच लावत न्हाईत, सर. टाळू भरनं बंद, आंघोळ बंद, मांडीवर घेनं बंद. घरात असल्या तरी दुसऱ्या खोलीत बसत्यात." तिने ओवीच्या टाळूवरून बोट फिरवलं. "तुमीच म्हनला न्हवं, तेलानं वाट लावली. त्यास्नी वाटतंय, त्यांच्या हातानंच पोरीचा मेंदू गेला. जेवत बी न्हाईत नीट."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला लागलेल्या वेळात ते वाक्य मी मनात पुन्हा ऐकलं. बेसिनचा नळ, माझी पाठ आणि ते वाक्य. ऐकणाऱ्याला त्याचा दुसरा कुठला अर्थ लागणार होता?

"पाच मिनिटं बसा," मी रेखाला म्हणालो आणि आतल्या कॉम्प्युटरवर ओवीचं जुनं रेकॉर्ड उघडलं. खरं सांगतो, मला त्यात तेलाचा दोष शोधायचा होता. म्हणजे निदान वाक्य तरी खरं ठरलं असतं.

तेलाचा दोष असता, तर रेघा खरखरीत दिसल्या असत्या. इलेक्ट्रोड सुटत-लागत असल्यासारख्या. डावीकडच्या रेघा तशा नव्हत्या. त्या स्वच्छ होत्या आणि झोपल्या होत्या, जवळजवळ सपाट. मी डावीकडच्या तीन इलेक्ट्रोडच्या रेघा वेगवेगळ्या करून एकाखाली एक लावल्या. तिन्हींची लाट हुबेहूब एक. वळण वळणाला जुळत होतं. मेंदूच्या तीन जागा कधीच इतकं एकसुरात बोलत नाहीत.

हे वाचकांना समजावून सांगतो. ईईजी एका जागेची वीज मोजत नाही, दोन जागांमधला फरक मोजतं. शेजारीशेजारी दोन विहिरी आहेत असं समजा. दोन्हींच्या पाण्याच्या पातळीत किती फरक आहे, हे बघायचंय. कुणी मधे चर खणला की पाणी एक होतं आणि फरक उरत नाही. विहिरी भरलेल्या असतात, पण आमच्या स्क्रीनवर सपाट रेघ दिसते. माझी पेस्ट खारट आणि ओल्या केसांत पातळ झालेली. बाळाचं डोकं डाव्या बाजूने दाबलं गेलेलं. ती पसरून एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत गेली होती. चर मीच खणला होता; आमच्या धंद्यात त्याला ब्रिज म्हणतात. आणि मशीनचा हिरवा दिवा? तो तर आणखीच खुशीत लागतो, कारण पेस्टचा सगळीकडे उत्तम संबंध जुळलेला असतो.

तेल मी धुऊन काढलं होतं. तेलाने काहीच केलं नव्हतं.

मॅडम ओपीडीत होत्या. मी दारातूनच म्हणालो, "मॅडम, ओवीचा रिपोर्ट."

"काय त्याचं?"

"डावी बाजू कमी नाही. ब्रिज झालाय. माझ्या पेस्टचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "साळुंखेकाका, त्या रिपोर्टवर सही माझी आहे."

"हो."

"त्या लोकांनी एमआरआयची तारीख घेतलीय. बाळाला भूल देणार आहेत."

"म्हणून तर आत्ता आलो."

"नक्की ब्रिजच आहे? की तुम्हाला तसं वाटावं असं वाटतंय?"

प्रश्न बोचरा होता आणि बरोबर होता. मी म्हणालो, "आज नीट रेकॉर्ड करतो. तुम्ही शेजारी बसा. डावी बाजू आजही कमी दिसली, तर माझं म्हणणं चुकीचं."

मॅडम उठल्या. जाता जाता नर्सला म्हणाल्या, "पुढच्या पेशंटना चहा पिऊन यायला सांगा."

या वेळी मी पेस्ट वाटाण्याहून कमी लावली. प्रत्येक चकतीभोवती कापूस फिरवला. वर जाळीची टोपी घातली. रेघा सुरू झाल्या. पण ओवीने भोकाड पसरलं. बाळ रडतं तेव्हा स्नायूंची वीज मेंदूच्या विजेवर चढते आणि स्क्रीन नुसती काळी होते. रेखाने पदराखाली घेतलं, खुळखुळा वाजवला, मोबाइलवर वडिलांचा व्हिडिओ लावला. काही उपयोग नाही.

"आजींना बोलवा," मी म्हणालो.

मीच बाहेर गेलो. बायडाबाई पायरीवर हात काखेत दाबून बसली होती.

"आजी, आत चला. बाळ राहीना."

"नगं. माझा हात वंगाळ हाय."

"हात लावू नका. नुसत्या समोर बसा."

"आन् काय झालं मंजी? पुन्यांदा वाट लागली मंजी?"

माझेच शब्द मला परत मिळाले. मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो. "आजी, तेलाने बाळाचं काहीही बिघडलेलं नाही. मी बोललो ते मशीनबद्दल बोललो. चुकीचं बोललो. आता येता का, की मी तिथं रडणाऱ्या बाळासमोर नाचू?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी नाचल्यावर तर आनीच रडंल," म्हणाली आणि उठली.

ती खुर्चीत अवघडून बसली, हात पदरात गुंडाळून. ओवी रेखाच्या मांडीवर लाल झालेली. बायडाबाईने तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी धड पाहिलं असेल, कोण जाणे. मग तिच्या नकळत तिच्या तोंडातून एक आवाज आला. जीभ टाळ्याला लावून काढलेला, टॉक्, टॉक्, टॉक्. मागोमाग लांब "हुर्रर्र". मेंढरं वळवताना करतात तसा.

ओवी गप्प झाली.

नुसती गप्प नाही. तिने हनुवटी छातीला टेकवली, डोकं पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"हे काय करतीय?" मॅडम म्हणाल्या.

रेखा हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. "मॅडम, आत्ती टाळू भरायच्या आधी रोज असाच आवाज काढायच्या. मग तेल ओतायच्या. डोळ्यात वघळ येतो म्हनून ही आधीच डोळं मिटून बसायची. तिला वाटतंय, आता तेल येनार."

मी स्क्रीनकडे पाहिलं. रडण्याचा काळा गोंधळ निवला होता. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात एक संथ, लयदार लाट येते. मोठ्या माणसांत ती जलद असते, बाळांत सावकाश. ती लाट आली होती. उजवीकडे आली होती आणि डावीकडेही, तेवढीच उंच, तेवढीच ठसठशीत. आणि तिच्या पुढच्या डाव्या रेघा, मागच्या वेळी झोपलेल्या, त्याही जाग्या होत्या.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या.

"पाहिलं."

"डावी बाजू."

"पाहिली."

पण मॅडम डॉक्टर होत्या. त्यांना एकदा पाहून चालत नाही. त्या रेखाला म्हणाल्या, "आता तोच आवाज तुम्ही काढा."

रेखाने टॉक् टॉक् केलं. ओवीने डोळे उघडून आईकडे पाहिलं. मजा वाटली तिला. पण डोकं पुढे केलं नाही, डोळे मिटले नाहीत.

"आता आजी."

बायडाबाईला आता काय चाललंय ते कळलं होतं. ती खुर्चीत सावरून बसली. टॉक्, टॉक्, टॉक्, हुर्रर्र. हनुवटी खाली. डोळे बंद. स्क्रीनवर लाट, दोन्हीकडे. तेल काही येईना म्हणून ओवीने थोड्या वेळाने एक डोळा किलकिला करून आजीकडे बघितलं. मॅडम इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या खोलीतून नर्स डोकावून गेली.

इथे माझ्या धंद्याबाहेरची एक गोष्ट सांगतो, मॅडमनी मला शिकवलेली. आपण म्हणतो, तान्ह्या बाळाला काय आठवतंय! पाळण्यातलं आपल्याला मोठेपणी आठवत नाही, हे खरं आहे. पण त्या वयात बाळाला आठवतच नसतं, हे खरं नाही. बाळ आवाज, वास, स्पर्श लक्षात ठेवतं. कशानंतर काय येतं, तेही ठेवतं. फक्त त्याची आठवण नाजूक असते. रोजची गोष्ट बंद पडली की ती काही आठवड्यांत पुसट व्हायला लागते. ओवीची टाळू आठवडेच्या आठवडे कोरडी होती. ज्या बाळाला लक्षात ठेवायला त्रास होईल म्हणून सांगितलं होतं, ते बाळ तेल यायच्या आधी तेलाची वाट बघत होतं. आणि कोणाच्या आवाजानंतर ते येतं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "घ्या तिला मांडीवर."

"घिऊ?"

"घ्या. टोपीला तेवढा धक्का लावू नका."

बायडाबाईने हात लुगड्याला पुसले. कोरडेच होते, तरी दोनदा पुसले. ओवीला घेतलं. ओवीने तिच्या बोटातली चांदीची अंगठी धरली आणि थोड्याच वेळात झोपली. मागच्या वेळी न मिळालेली, खरी, जड झोप.

झोपेच्या रेघा वेगळ्या असतात. संथ मोठ्या लाटांमध्ये अधूनमधून बारीक, जलद रेघांचा एक पुंजका येतो. सुरुवातीला निमुळता, मधे फुगलेला, शेवटी परत निमुळता. जन्मल्याबरोबर तो नसतो. दोनतीन महिन्यांत यायला लागतो. दिवसभर शिकलेलं झोपेत मेंदू लावून ठेवतो, त्या कामात या पुंजक्यांचा हात असावा असं मानतात. ओवीच्या वयाला तो दोन्ही बाजूंना दिसायलाच हवा. मागच्या वेळी मधल्या डुलकीत उजवीकडे एखादा दिसला होता, डावीकडे नाही. मॅडमच्या सगळ्या काळजीचं मूळ तेच होतं.

आम्ही दोघं स्क्रीनला नाक लावून बसलो. उजवीकडे एक आला. डावीकडे काही नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. या वयात दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतील असं नाही, हे आम्हाला दोघांना माहीत होतं. तरी मी सेकंद मोजत होतो. उजवीकडे पुन्हा एक आला. आणि मग डावीकडे आला. भरगच्च, लांबलचक. त्याच्यामागे दुसरा.

"हे काय वो?" बायडाबाईने मांडीवरचं बाळ न हलवता मान लांबवली. "ही तर चाती हाय."

"काय?"

"चाती. लोकर कातताना सूत गुंडाळतो न्हवं, ती भरली की अशीच दिसती. मधी पोट, दोन्हीकडं टोक. माझ्या सासूनं माझ्याकडनं ढीगभर भरून घेतल्यात."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. या पुंजक्याला आमच्या शास्त्रात स्पिंडल म्हणतात. स्पिंडल म्हणजे चातीच. ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याला रेघेत जे दिसलं तेच माणदेशच्या बाईला दिसलं.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमची नात झोपेत सूत काततेय. डावीकडे पण आणि उजवीकडे पण. मेंदू उत्तम आहे. झटके फक्त झोपेत येतात ना? ते निरुपद्रवी आहेत, जातील आपोआप. एमआरआय रद्द करा. औषध नाही. काही नाही."

रेखा भिंतीला टेकून खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. बायडाबाई रडली नाही. ती ओवीच्या कानाशी वाकून म्हणाली, "चल गं माजे रानी, घरला गेल्यावर आदी डोस्कं भरू." मॅडमनी ताबडतोब सांगितलं की तेल थोडं, हात हलका आणि नाकाकानात थेंबही नको. बायडाबाईने मान डोलावली. सुनेकडे बघून डोळाही मिचकावला, तो मी पाहिला.

इतकी चांगली वेळ होती. तेवढ्यात बायडाबाईने सरळ प्रश्न विचारला.

"मग मागल्या बारीला डावीकडं का दिसलं न्हाई?"

मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जरा तांत्रिक अडचण होती, आजी."

त्यांनी मला वाचवलं. मी मान हलवली. तांत्रिक अडचण म्हणजे मी. पण ते म्हणायची वेळ आली तेव्हा मी वायरी गुंडाळत होतो. पायरीवर मी "मशीनबद्दल बोललो" म्हणालो होतो, तेही अर्धंच होतं. मशीनचा काय दोष?

त्यानंतर मी काही वर्षांनी निवृत्त झालो आणि कोरेगावला घरी आलो. ओवीच्या वाढदिवसाला दर वर्षी रेखाचा फोन येतो. या वर्षी ओवी स्वतः बोलली. तिसरीत आहे. तिने मला अडीचकीचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला आणि विचारलं, "तुम्हाला येतो का?" मला येत नव्हता.

मग रेखा फोनवर आली. बोलता बोलता म्हणाली, "आत्ती बऱ्या हायत. फकस्त लक्ष्मीकाकूशी अजून बोलत न्हाईत."

"लक्ष्मीकाकू कोण?"

"आत्तींची जाऊ. शेजारीच घर हाय, मधी येक भिंत. तुमच्या दवाखान्यापास्नं बोलनं बंद हाय त्यांचं."

"आमच्या दवाखान्याचा काय संबंध?"

रेखा अवघडून हसली. "मॅडम म्हनल्या न्हवत्या का, तांत्रिक अडचन हुती म्हनून? आत्तींनी तेच धरलं. तांत्रिक मंजी मंत्रतंत्रवाला. पहिल्यांदा सांगलीला यायच्या आदल्या दिवशी लक्ष्मीकाकू आल्या हुत्या. ओवीला बघून म्हनल्या, किती गुटगुटीत हाय पोर. पन बोटं न्हाई मोडली कानशिलावर. आत्ती म्हनत्यात, तिनंच कायतरी केलं. मी लय वेळा सांगितलं, तांत्रिक मंजी मशीनचं. आयकत न्हाईत. म्हनत्यात, डागदरीन खोटं बोलंल का?"

फोन ठेवल्यावर मी हिशेब मांडला. एक वाक्य मी निष्काळजीपणे बोललो होतो. त्याने एका आजीला नातीपासून तोडलं. दुसऱ्या वाक्याच्या आडोशाला मी लपलो. त्याने दोन जावांमध्ये भिंत घातली. पहिलं निस्तरलं, दुसऱ्याचा मला पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी एसटी पकडली.

बायडाबाई अंगणात खाटेवर होती. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "आवं, वायरवालं सायब!" म्हणाली. चहा आला. भिंतीपलीकडे कुणीतरी धुणं आपटत होतं. मी मुद्दाम जरा मोठ्याने बोललो.

"बायडाबाई, त्या दिवशी तांत्रिक अडचण नव्हती."

"मग?"

"माझी चूक होती. मी पेस्ट जास्त लावली. ती पसरली. त्यामुळे बाळाची डावी बाजू दिसली नाही. कुणी काही केलं नव्हतं. लक्ष्मीबाईंनी तर नाहीच. तांत्रिक म्हणजे यंत्राचं, पण यंत्रही चांगलं होतं. मीच वाईट लावलं."

भिंतीपलीकडचं धुणं थांबलं.

बायडाबाईने डोळे बारीक केले. "मंजी आमचं तेल चांगलं, तुमची पेष्ट वाईट?"

"हो."

"आन् वाट लावली कुनी?"

"मी."

"यवडी वरसं कुटं हुतासा मग?"

मी चहाचा कप खाली ठेवला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्या डोक्यावर स्थिरावली. तिथे आता केस म्हणून काही उरलेलं नाही.

"ओवे, पाट आन गं," ती ओरडली. मग मान वर करून, भिंतीच्या दिशेने, माळावरच्या आवाजात: "आगं ये लक्ष्मे! बहिरी झालीस व्हय? आमच्यातलं तेल सपलंय. वाटीभर घिऊन ये हिकडं. सायबाची टाळू भरायची हाय!"

भिंतीपलीकडे बादली सरकली. मग आवाज आला, "शेंगदान्याचं चाललं का खोबऱ्याचं?"

"खोबऱ्याचं आन. मान्साची टाळू हाय, भज्याची कढई न्हाई!"

लक्ष्मीबाई वाटी घेऊन आली. उंबऱ्यात थबकली. बायडाबाई खाटेवर सरकली, तिला जागा करून दिली आणि वाटी घेतली. घरात तेलाची बाटली काठोकाठ भरलेली होती, हे ओवीने मला नंतर कानात सांगितलं.

मी पाटावर बसलो. ओवी समोर उकिडवी बसून बघत होती. मागून आवाज आला. टॉक्, टॉक्, टॉक्, हुर्रर्र.

मी हनुवटी छातीला टेकवली आणि डोळे मिटले.

नव्या टेक्निशियनांना माझं एवढंच सांगणं आहे. पेस्ट वाटाण्याएवढीच लावावी आणि पेशंटशी बोलताना तोंड पेशंटकडे असावं.